म्हणे, दातांचे डॉक्टर फक्त दात उपटतात!

आमच्या देवगडच्या मावशीच्या गालात पांढरा चट्टा आहे. तिने त्याच्या बायोप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासायची, तारीख मोडली. कारण काय, तर ‘सर्वांना पाठवा’ म्हणत गावभर फिरणारा एक मेसेज. त्यात लिहिलंय: दाताच्या डॉक्टरला उपटण्यापलीकडे काही कळत नाही, गालातला पांढरा चट्टा म्हणजे नुसती उष्णता, सोलकढी प्या, मिश्री चालू ठेवा, दात साफ करून घेतले की हलतात, वरचा दात काढला की नजर जाते.

नजरेचं आधी उरकतो. वरच्या दातांची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची, दृष्टी दुसऱ्याची. दोघांचा संबंध नाही. दात पडायच्या वयातच मोतीबिंदूही येतो, म्हणून बिचारा दात बदनाम.

आता चट्टा. ‘काही कळत नाही’ म्हणणाऱ्याने बीडीएसचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या पदवीचा, अभ्यासक्रम तरी चाळावा. जनरल मेडिसिन आणि सर्जरी असतेच, वर तोंडाच्या रोगांचं निदान आणि तोंडाचं विकृतिशास्त्र हे विषय वेगळे. मावशीच्या डॉक्टरांनी गॉजने चट्टा पुसून बघितला. पुसला गेला असता तर बुरशीचा संशय, गेला नाही. शेजारच्या दाढेची टोचणारी कड घासून गुळगुळीत केली, मिश्री बंद करायला सांगितली, दोन आठवड्यांनी परत बोलावलं. चट्टा जागच्या जागी. मग तुकडा काढून तपासायचं ठरलं. हे काय उपटणाऱ्याचं काम आहे? अशा चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. सगळ्यांचा कॅन्सर होत नाही. पण कुठल्याचा होईल हे नुसतं बघून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्यात तो दुखत नाही. “दुखणा नाय तर कित्याक जाऊ?” हे मावशीचं उत्तर, आणि मेसेजवाल्याचं फावतं ते इथेच.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. भाजल्याने ती औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ च्या अहवालात न ओढता वापरायची तंबाखू माणसाला कॅन्सर करते, असं स्वच्छ लिहिलंय. त्याआधी २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही याच यादीत टाकलं. सुपारीच्या बागायतदारांना हे झोंबेल, मलाही झोंबतं. पण ‘मिश्री चालू ठेवा’ असं चट्टा असलेल्या बाईला सांगणं हा गुन्हा आहे, दुसरा शब्द नाही.

साफ केल्याने दात हलत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं, दगडासारख्या किटणाने दात धरून ठेवलेले असतात. किटण निघालं की खरी अवस्था कळते.

एक गोष्ट मात्र मान्य. ठणकत्या दाताला अँटिबायोटिकची पट्टी हातावर ठेवून वाटेला लावणारे डॉक्टर आहेत. नसेपर्यंत गेलेली कीड गोळीने निघत नाही, तिथे रूट कॅनाल तरी करावं लागतं नाहीतर दात काढावा लागतो. त्यांना जरूर शिव्या घाला, मीही घालीन. आणि सोलकढी प्यायचीच असेल तर जेवणावर प्या.