पुन्हा तेच

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. नाताळच्या सुट्टीत मराठी वाहिन्यांवर कुठले सिनेमे लागणार, त्याची जाहिरात होती. त्यात 'अशी ही बनवाबनवी' होता. खाली भाच्याने लिहिलं होतं, "पुन्हा तेच! यांना लाजही वाटत नाही." लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मामेभावाने सांगितलं की त्याने दीड वर्षात सेट-टॉप बॉक्सचा रिचार्जच केलेला नाही, आणि ते सांगताना व्यसन सोडल्यासारखा त्याचा सूर होता. शेवटी भाच्याने मला विचारलं, "आत्या, तुमच्याकडे ख्रिसमसला टीव्हीवर काय भारी नवीन नवीन लागत असेल ना?"

उत्तर लिहायला घेतलं, तीनदा पुसलं आणि फोन ठेवून दिला. गेला आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे, म्हणजे स्वीडनमधल्या वेस्तेरोसला, 24 डिसेंबरला दुपारी तीन वाजता टीव्हीवर कल्ले आंका लागतो. कल्ले आंका म्हणजे डोनाल्ड डक. डिस्नेच्या जुन्या कार्टून्सचे तुकडे जोडून केलेला तासाभराचा कार्यक्रम. अमेरिकेत तो 1958 साली झाला, इथे 1960च्या नाताळात पहिल्यांदा दाखवला, आणि तेव्हापासून दरवर्षी दाखवतात. तोच. त्यातला फर्डिनंड नावाचा बैल 1938 सालचा आहे. शेवटी एखाददुसरा तुकडा नव्या सिनेमाचा असतो, बाकी क्रमसुद्धा बदलत नाही. एक कोटी पाच लाखांच्या या देशात तीस लाखांहून जास्त लोक एकाच वेळी ते बघतात. वर्षभर हीच माणसं आपापल्या वेळेला, आपापल्या स्क्रीनवर, हवं ते बघतात. त्या दुपारी मात्र जेवणाची वेळसुद्धा कल्ले आंकावरून ठरते. आधी जेवायचं की नंतर, यावर घराघरांत मतभेद असतात. बघायचं की नाही, यावर नसतात.

भाच्याला हे सांगायचं होतं. आपल्याकडे ज्याला प्रगत देश म्हणतात, तिथे 'पुन्हा तेच' म्हणून कोणी नाक मुरडत नाही. साठ वर्षांहून जास्त काळ तेच बघणं त्यांना कमीपणाचं वाटत नाही. आपल्याला मात्र छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचा एक मराठी सिनेमा परत लागला की वाहिन्यांची, आपल्या कल्पनाशक्तीची, सगळ्या मराठी माणसांची लाज वाटते.

मी इथे आले ती 2011च्या नोव्हेंबरात. पहिल्याच नाताळात शेजारच्या आजींनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. टेबलावर यान्सन्स म्हणजे बटाट्याचा भाजलेला पदार्थ होता, प्रिन्सकॉर्व म्हणजे छोटे सॉसेज होते, ग्लोग म्हणजे मसालेदार वाइन गरम करायला ठेवलेली होती. बाहेर अंधारून आलं होतं, कारण त्या दिवसांत सूर्य तीनच्या आधीच मावळतो. मी भारताबद्दल काहीतरी सांगत होते, आजी छान ऐकत होत्या, आणि तीनला पाच मिनिटं असताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "आता नंतर." सगळे उठले. साठीचे जावई, कॉलेजातली नातवंडं, सगळे सोफ्यावर, गालिच्यावर, एकमेकांना टेकून बसले. बेंगट फेल्डरेइक यांचा निवेदनाचा आवाज सुरू झाला तसे त्या खोलीतले ओठ हलायला लागले. मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. नुसते ओठ. कीर्तनात पुढची ओवी माहीत असलेल्या म्हाताऱ्या बायकांचे हलतात तसे.

मला भाषा येत नव्हती. सगळे हसले की मी हसायचे, पण माझं हसणं त्यांच्या मागून यायचं. आणि मग सांताच्या कारखान्यातला प्रसंग आला. खेळण्यांच्या रांगेत एक काळी बाहुली होती, जाड ओठांची, थट्टेसाठी काढलेली. खोलीत एक-दोघे सवयीने हसले. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवून ताटलीतली पेप्परकाका, म्हणजे आल्याची बिस्किटं, सारखी करत बसल्या. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या खोलीत आपला रंग काय आहे याची आठवण मला त्या बाहुलीने करून दिली.

पुढच्याच वर्षी, 2012 साली, डिस्नेने ती बाहुली कापून टाकली. इथे केवढा वाद झाला! आमच्या लहानपणाला हात लावू नका, असं कितीतरी लोक म्हणत होते. 1982 साली एकदा फर्डिनंड बैलाच्या जागी दुसरं कार्टून दाखवलं होतं, तर तक्रारींचा पाऊस पडला आणि पुढच्या वर्षी बैल परत आला होता. तेव्हा बाहुलीवरून वाद होणारच. 'पुन्हा तेच' असावं असं म्हणणारी मी, पण त्या वेळी मला हायसं वाटलं. पुढे दोन वर्षांनी माझी मुलगी झाली. ती माझ्याच रंगाची आहे, आणि तिने तो प्रसंग कधी बघितलेला नाही. बाहुली गेली म्हणून कार्यक्रम मोडला नाही. तीन वाजता लोक बसतात ते बसतातच. परंपरेतलं सडकं कापून टाकता येतं आणि परंपरा तरी राहते, हे मी इथे डोळ्यांनी बघितलं. घरच्या वादांत मात्र माणसं दोनच टोकांना असतात: एक अक्षरही बदलायचं नाही म्हणणारी, आणि सगळंच भंगारात काढा म्हणणारी.

कल्ले आंका हे एकटंच उदाहरण नाही. 1 ते 24 डिसेंबर रोज लहान मुलांच्या मालिकेचा एकेक भाग लागतो. मालिका दरवर्षी नवी असते, पण प्रथा 1960चीच. चोवीस तारखेलाच कार्ल-बर्टिल योन्सन या पोराची गोष्ट लागते, 1975 सालची. तो पोस्टात काम करताना श्रीमंतांची पार्सलं उचलून गरिबांना वाटतो. एकतीस तारखेला म्हातारी सरदारीण आणि तिचा बटलर: 1963 साली चित्रित झालेलं इंग्रजी प्रहसन, कृष्णधवल, जेमतेम अकरा मिनिटांचं. बटलर जमिनीवरच्या जनावराच्या कातड्याला अडखळतो, पुन्हा अडखळतो, आणि आमच्या ऑफिसातले मोठमोठे पगारवाले इंजिनिअर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. 1 जानेवारीला 1982चा आयव्हन्हो. आर्ने वेइसे नावाचे निवेदक 1972 ते 2002 या काळात बहुतेक वर्षी 24 डिसेंबरला टीव्हीवर यजमान म्हणून बसत, एकट्या माणसाला सोबत म्हणून. टीव्हीची फी इथे 2019पासून करातच जाते आणि मी ती भरते. ती याच गोष्टींसाठी वापरली जाते याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

हे सगळं झालं कसं, हेही भाच्याला सांगायला हवं. 1969च्या डिसेंबरपर्यंत स्वीडनमध्ये टीव्हीची एकच वाहिनी होती. मुलांना डिस्नेचं कार्टून बघायला मिळायचं ते त्या एका तासात. सगळ्या मुलांनी एकच गोष्ट एकाच वेळी बघितली, ती मुलं मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना शेजारी बसवलं.

मग आपल्याकडे वेगळं काय होतं? मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसायचं. आमच्या वाड्यातल्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. टीव्ही मालकांकडे होता. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. सतरंजीवर आम्ही पोरं, मागे बायका, दारात पुरुष उभे. 1987 साली 25 जानेवारीला रामायण सुरू झालं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात चिटपाखरू नसायचं. नंतर आमच्याकडे स्वतःचा टीव्ही आला, आणि नव्वदच्या दशकात रविवारी डिस्नेचा तास लागायचा. त्यात डोनाल्डचा मामा आणि भाचे हिंदीत बोलायचे. म्हणजे इथल्या त्या दिवाणखान्यातल्या बदकाशी माझी ओळख आधीचीच होती. फक्त माझ्या ओठांवर त्याचे हिंदी शब्द होते, स्वीडिश नव्हते.

आणि 2020 साली, 28 मार्चला, तेच रामायण पुन्हा लागलं, तेव्हा याच ग्रुपवरचे सगळे बघत होते. 16 एप्रिलच्या भागाला पावणेआठ कोटींच्या आसपास प्रेक्षक होते, असं दूरदर्शनने सांगितलं होतं. तेव्हा कोणी 'पुन्हा तेच' म्हणालं नाही. घरात कोंडल्यावर आपल्याला तेच हवं होतं.

बनवाबनवीचं सांगायचं तर तो 1988चा. सचिनचं दिग्दर्शन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे. तो नवा राहिलेला नाही, हे खरंच. पण आमच्या घरात आई, भाऊ, वहिनी, आणि तो लाज वाटणारा भाचासुद्धा, पुढचं वाक्य पडद्यावरच्या माणसाच्या आधी म्हणतात. हे विकत मिळत नाही. कुठल्याही ओटीटीच्या यादीत ते सापडत नाही. स्वीडिश लोकांनी ते साठ वर्षं जपलं, त्याची एक वेळ ठरवली. आपण ते कधीही, कसंही, दर दहा मिनिटांनी जाहिराती घालून लावतो आणि मग त्यालाच हसतो. माझी तक्रार असलीच तर ती इतकीच आहे: त्याला एक दिवस द्या, एक वेळ द्या, आणि सगळे बसा.

एवढं लिहून झालं आणि लक्षात आलं की राग सिनेमावरचा नाहीच.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला गेले, तर हॉलमधला टीव्ही नव्हता. तिथे लाकडी फळ्या आणि कुंड्या. छान दिसत होतं, वहिनीची आवड चांगली आहे. टीव्ही आईच्या खोलीत हलवला होता. संध्याकाळी आई दार लोटून एकटी मालिका बघत होती आणि बाहेर हॉलमध्ये चार माणसं चार फोन घेऊन बसली होती. कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. मी आईशेजारी पलंगावर बसले, तर ती म्हणाली, "तू कशाला येतेस गं इथे, तुला कंटाळा येईल." मला रडू आलं, आणि ते का आलं हे मी तिला सांगू शकले नाही.

मी दोन वर्षांतून तीन आठवडे जाते. तेवढ्यासाठी सगळ्यांनी सतरंजीवर बसून राहावं, असं मला वाटतं. ज्यांना रोज तिथे राहायचं आहे त्यांनी घर आपल्या सोयीने मांडलं, आणि मी साडेसहा हजार किलोमीटरवरून त्यांना परंपरा शिकवते आहे. भाच्याला लाज वाटते, कारण तो सिनेमा त्याला कधीही लावून बघता येतो, आणि सोबत पुढचं वाक्य म्हणणारी माणसंही त्याच्या घरातच आहेत. इथे मी तोच सिनेमा लावते तेव्हा नवरा दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये असतो, मुलीला अर्धं कळत नाही, आणि पुढचं वाक्य मी एकटी म्हणते.

आणि कल्ले आंका? तेरा-चौदा नाताळ झाले. फेल्डरेइक 2019 साली गेले, आवाज तोच आहे, आणि आता मलाही सगळं पाठ आहे. कुठे काय येणार ते ठाऊक असतं. पण पाठ होणं निराळं आणि मुरणं निराळं. माझी मुलगी गालिच्यावर पालथी पडून ओठ हलवते, तिचं ते तिला कोणी शिकवलेलं नाही. मी तिच्याकडे बघते. पडद्याकडे कमी बघते.

आमच्या दुपारच्या तीनला पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ती आईच्या मालिकेची वेळ. त्या वेळेला ती कोणाचाही फोन घेत नाही, माझाही नाही. वर्षानुवर्षं मला याचा राग यायचा: सणाच्या दिवशी मुलगी फोन करते आणि तुला ती मालिका मोठी? गेल्या वर्षी मात्र तिने उचलला. मागून टीव्हीचा आवाज येत होता, माझ्याकडेही येत होता.

"काय गं, काय चाललंय?"

"टीव्ही बघतोय. ते बदकाचं."

"दरवर्षीचं?"

"हो. तेच. तू?"

"मी पण माझं तेच. दार उघडं ठेवायला सांगितलंय मी आता, तुझा भाचा येऊन बसतो कधीकधी." मग थोडं थांबून म्हणाली, "जाहिराती संपल्या बघ. फोन असाच राहू दे चालू, बोलू नकोस फक्त."