आयआयटी नाही म्हणून अर्ज उघडतच नाहीत? हे चुकीचं आहे
आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की गुगल मायक्रोसॉफ्टवाले फक्त आयआयटीचीच पोरं घेतात, बाकीच्यांचा अर्ज उघडतही नाहीत. पोरंहो, हे खरं नाही. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला स्वतः मणिपालचे इंजिनिअर, आणि गुगलच्या कितीतरी जाहिरातींत सरळ लिहिलेलं असतं की पदवी किंवा तेवढाच प्रत्यक्ष अनुभव चालेल. हां, कॅम्पसला त्या कंपन्या मोजक्याच कॉलेजात जातात हे खरंय, म्हणून आपल्याला बाहेरून अर्ज करावा लागतो, आणि तिथं नुसते मार्क नाही तर केलेलं काम दिसायला लागतं.

सगळ्यांचं सेम अटेंडन्सवालं प्रोजेक्ट टाकू नका, त्यापेक्षा रावेरच्या केळीवाल्यांना रोजचा भाव सांगणारं छोटं अ‍ॅप बनवा, चार शेतकऱ्यांना वापरायला द्या, काय बिघडलं ते दुरुस्त करा आणि कोड गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची वेबसाइट) ठेवा, मुलाखतीत बोलायला हेच कामी येतं. गुगल समर ऑफ कोड, म्हणजे सगळ्यांसाठी खुला कोड असलेल्या (ओपन सोर्स) प्रोजेक्टवर काम करायचा गुगलचा कार्यक्रम, 2005 पासून चालू आहे, कॉलेजचं नाव आडवं येत नाही, वर मानधन मिळतं. डेटा स्ट्रक्चरचा (प्रोग्राममध्ये माहिती मांडायच्या पद्धतींचा) सराव मात्र रोज पाहिजेच, त्याला पर्याय नाही भाऊ.