४९९ रुपयांची इंटर्नशिप

फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला. समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या पोरांना इंटर्नशिपचा काडीचा उपयोग नाही, एनजीओवाले फुकट राबवतात, सरकारला इंजिनिअर लागतात, मुलींना वस्तीत पाठवू नका, त्यापेक्षा ४९९ मध्ये ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या अन् सर्व्हेचे फॉर्म घरी बसून भरा. एरवी सोडून दिलं असतं, पण माझी भाची एमए समाजशास्त्र पहिल्या वर्षाला आहे आणि भाऊजी तिला म्हणतात, "काहून उन्हात फिरतेस, घेऊन टाक ना सर्टिफिकेट."

भाऊजी, तुम्ही दर रविवारी नागपुरात सेमिनरी हिल्सवर फिरायला जाता ना, तिथेच भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं ऑफिस आहे. सरकारी, १९४५ पासूनची संस्था. यांनीच १९८५ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्प सुरू करून देशातल्या ४,६३५ समाजांची नोंद केली. ती काय इंजिनिअरनी केली बाप्पा?

फुकट राबवतात हे मात्र बरंचसं खरं आहे, मानावंच लागेल. मला एका संस्थेने दोन महिने नुसतं एक्सेल भरायला बसवलं होतं, बसभाडंही माझंच. अन् केंद्र सरकारच्या पीएम इंटर्नशिप योजनेचे महिन्याचे ५,००० रुपये कोणी सांगत असेल तर २०२४ ला योजना आली तेव्हाच्या नियमात रेग्युलर कॉलेज करणारे बसतच नव्हते.

पण डोकं फिरलं ते "फॉर्म घरी भरा" वाचून. एमएची ओजेटी, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', अभ्यासक्रमातलीच इंटर्नशिप, ४ क्रेडिटची, एका क्रेडिटचे ३० तास, म्हणजे १२० तास खरंच काम करायचंय, आणि घरी बसून काय भरणार ते सांगतो. आम्ही तांडापेठेत विणकरांच्या घरी सर्व्हेला गेलो होतो, मी मागावर बसलेल्या काकांना विचारलं, घरात कमावतं कोण, ते म्हणाले मी एकटाच, बायको काही करत नाही, मी मुकाट्याने 'गृहिणी' लिहून मोकळा. काकू तिथेच दोन हातांच्या अंतरावर चरख्यावर कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या गुंडाळ्या, भरत बसल्या होत्या! माझ्यासोबतची मैत्रीण त्यांच्याजवळ खाली बसली अन् सहज म्हणाली, "काकू, दिवसाला किती भरता?" मग निघालं की पहाटे स्वयंपाक उरकून संध्याकाळपर्यंत कांड्याच, त्या थांबल्या तर मागही थांबतो. माग बंद, तर कमाई बंद. मला माझंच 'गृहिणी' खोडावं लागलं. आता सांगा, हे घरी सोफ्यावर बसून कोणाला सुचलं असतं? आणि मुलींना वस्तीत पाठवू नका म्हणे. त्या दिवशी मुलगी नसती तर काकू तोंड उघडणार नव्हत्या राजेहो.

जोडीने जातात पोरी, अंधार पडायच्या आत घरी येतात. ताई, तो मेसेज ग्रुपवरून काढ आधी. अन् पोरीला पाण्याची बाटली आणि तोंडाला बांधायला दुपट्टा दे, एप्रिल सुरू आहे.