उंच इमारतींना आकार कायद्यानेही दिला

१८७१ च्या आगीनंतर शिकागोत धातूचा सांगाडा आला आणि गगनचुंबी इमारत घडली, ही गगनचुंबी इमारतींवरील आपल्या लेखातील मांडणी योग्य असली तरी अपुरी आहे. वास्तुविशारद विल्यम ले बॅरन जेनी यांची धातूच्या सांगाड्याची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ मध्ये उभी राहिल्यावरही त्याच शहरात १८९१ मध्ये १६ मजली मोनॅडनॉक बिल्डिंगचा पहिला भाग भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींवर बांधला गेला आणि त्या भिंती तळाशी सुमारे ६ फूट जाड ठेवाव्या लागल्या. भाड्याने देण्याजोगी किती जागा त्यात गेली असेल!

न्यूयॉर्कचा १९१६ चा झोनिंग कायदा (इमारतींची उंची व आकार यांवरील नियमांचा कायदा) मात्र लेखात एका वाक्यात उरकला आहे, हे खटकले. आदल्या वर्षी पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगच्या प्रचंड सावलीमुळे अशा कायद्याच्या मागणीला जोर आला होता. ठरावीक उंचीनंतर इमारत रस्त्यापासून मागे घ्यायची, परंतु भूखंडाच्या चतुर्थांश भागावर मनोरा हवा तितका उंच न्यायचा, अशी ती तरतूद होती. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा टप्प्याटप्प्याने निमुळता होणारा आकार निव्वळ शैलीची हौस नव्हे, त्यामागे हे गणित आहे. पुढे १९६१ मध्ये नियम बदलून इमारतीपुढे लोकांसाठी खुला चौक सोडण्याच्या मोबदल्यात जादा चटईक्षेत्र (बांधकामाची जास्तीची परवानगी) मिळू लागले आणि सरळसोट काचेच्या ठोकळ्यांना मोकळे रान मिळाले.