क्लिप-ऑन लेन्स : ‘महागड्या कॅमेऱ्यांचा तोरा’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायच्या क्लिप-ऑन लेन्सबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, वाचायला मजा आली. तुमचा आक्षेप असा, की स्वस्त क्लिप-ऑन लेन्सना मी खेळणी म्हटलं ते महागडे कॅमेरे वापरणाऱ्यांच्या तोऱ्यातून. तुम्ही तशाच एका पाकिटातल्या (मॅक्रो, वाइड, टेली एकत्र मिळतात त्या) लेन्सने मुंगीचा असा फोटो काढलात की तो फोनवरचा आहे हे कुणाला पटेना.

मला पटतं. पण तो फोटो मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या लेन्सचा आहे. पाकिटातल्या वाइड (जास्त रुंद दृश्य मावणारी) आणि टेली (लांबचं जवळ आणणारी) यांबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, आणि माझी तक्रार त्या दोघांबद्दलच होती. मॅक्रोला मी वगळलं होतं.

का वगळलं, ते सांगतो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा 10 सेंटिमीटरच्या आत आला की फोकस सोडतो. मोठ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) फोनना तर आणखी लांब राहावं लागतं. मॅक्रो क्लिप म्हणजे शेवटी एक भिंग. ‘15 एक्स’ (15 पट मोठं) हा आकडा खरा असेल तर त्याची फोकल लेन्थ, म्हणजे भिंग किरण एकत्र आणतं ते अंतर, जेमतेम 17 मिलिमीटर, म्हणजे मुंगीपासून दीड-दोन सेंटिमीटरवर फोन न्यायचा. एवढ्या जवळ मुख्य कॅमेऱ्याला एरवी जाताच येत नाही. इथे लेन्स खरोखर काहीतरी नवीन देते.

शिवाय तिचे दोष मुंगीच्या फोटोत लपतात. फोनच्या लेन्सचं छिद्र असतं तीन-चार मिलिमीटरचं. फोटोच्या मध्यभागाचा प्रकाश वरच्या भिंगाच्या मधल्या भागातून सरळ येतो, कोपऱ्यांचा मात्र काठाजवळून तिरका. साध्या एकेरी भिंगात काठालाच रंग फुटतात आणि रेषा विरघळतात. मुंगी असते मधोमध, आणि मागची पानं तशीही धूसरच, कारण इतक्या जवळून फोकसची खोली (स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी) मिलिमीटरभरही नसते. कोपरे बघतंय कोण!

आता तीच गोष्ट वाइडला लावा. वाइड लावायची ती कडेची माणसं फोटोत यावीत म्हणून, आणि बिघडतात नेमकी तीच. कोटिंग (चमक कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो. दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग. खिडकीसमोर फोटो काढलात की दुधाळ पडदा दिसतो तो यामुळे. तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरने दुरुस्त करा. वाकलेल्या रेषा सरळ होतील, रंगांची किनारही कमी होईल, पण जो तपशील सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो सॉफ्टवेअर आणणार कुठून? आणि आयफोन 11 (2019) पासून तर अल्ट्रावाइड, म्हणजे रुंद दृश्याचा वेगळा कॅमेरा, आयफोनच्या क्रमांकाच्या साध्या मॉडेललाही मिळतो. तुमच्या फोनला एकच कॅमेरा असेल आणि खोली लहान, तर वाइड जरूर लावा. फोटो मऊ येईल, पण सगळे मावतील.

टेलीबद्दल माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. फोन टेकवून ठेवा, लांबच्या पाटीचा एक फोटो लेन्स लावून काढा, दुसरा न लावता काढून तेवढाच भाग कापा, आणि दोन्हींतली अक्षरं वाचा. स्वस्त टेली या परीक्षेत क्वचितच पुढे जाते.

हो, फोनला दोन-तीन कॅमेरे असतील तर एक भानगड होते. जवळ गेलात की काही फोन गुपचूप अल्ट्रावाइडवर उडी मारतात आणि क्लिप राहते भलत्याच कॅमेऱ्यावर. सेटिंगमध्ये ते ऑटो मॅक्रो बंद करा. क्लिप जराशी सरकली तरी फोटोची एक बाजू धूसर होते, तेव्हा ती बसवतानाच स्क्रीनवर नीट बघून घ्या.

एक विचारायचं राहिलं. दोन सेंटिमीटरवर फोनची सावलीच विषयावर पडते, तरी तुमच्या मुंगीच्या पाठीवर उजेड छान आहे. तो कुठून घेतलात?