'एक पालक' यांना उत्तर: दहावीचं रसायनशास्त्र आणि पाठांतर

दहावीच्या विज्ञान भाग 1 मधल्या रसायनाच्या प्रकरणांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. समीकरणं पाठ करू नका, संतुलित करायला शिका, असा त्याचा गाभा होता. त्यावर 'एक पालक' यांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं एक वाक्य तसंच्या तसं देते: "पाठांतराशिवाय केमिस्ट्रीत मार्क पडत नाहीत, पण कधी वर्गात उभं न राहिलेल्या लेखकांना हे कोण सांगणार?"

मतभेद असू द्या, मला त्याचं काही वाटत नाही. पण ज्या व्यक्तीबद्दल तुम्हाला काडीचीही माहिती नाही, तिच्याबद्दल इतक्या खात्रीने लिहायचं, ही कुठली रीत? माझं म्हणणं चूक आहे असं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही माझी लायकी काढलीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी वर्गात उभी राहिले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात, एका माध्यमिक शाळेत, तासिका तत्त्वावर, मानधन वेळेवर मिळेल याची शाश्वती नसताना. प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट होतं. विस्थापन अभिक्रिया शिकवताना मुलं नेहमीप्रमाणे घोकत होती, 'लोखंड तांब्याला विस्थापित करतं.' मी विचारलं, घरी बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षांवर फवारायचं बुरशीनाशक, कोण करतं? निम्मे हात वर. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना मिसळल्यावर वडील त्यात लोखंडी सळई नाहीतर विळा बुडवून का बघतात? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तांबूस झाला तर चुना कमी पडलाय." त्याला विचारलं, तो तांबूस थर कशाचा? वर्ग गप्प. मग मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकला. निळा रंग फिका होऊन हिरवटपणा आला, खिळ्यावर तांब्याचा थर चढला, आणि द्रावणात फेरस सल्फेट तयार होतं हे त्या मुलाने स्वतः सांगितलं. नंतर त्याला ते समीकरण पाठ करावं लागलं नाही. त्याच बैठकीत त्याने जस्ताचंही लिहिलं, जे मी शिकवलंच नव्हतं.

आता तुमच्या 'मार्कां'कडे येऊ. लोखंडाची वाफेबरोबरची अभिक्रिया घ्या. पाठ करणाऱ्या मुलाच्या डोक्यात '3 आणि 4' एवढं राहतं. कुणापुढे 3 आणि कुणापुढे 4, हे पेपरात बसल्यावर आठवत नाही. समजलेला मुलगा आधी उजवीकडे बघतो. तयार होणाऱ्या ऑक्साइडमध्ये लोखंडाचे 3 अणू आणि ऑक्सिजनचे 4. म्हणजे डावीकडे लोखंड 3 हवं, आणि ऑक्सिजन पाण्यातूनच यायचा असल्यामुळे पाण्याचे रेणू 4. त्यांतले हायड्रोजनचे अणू 8, म्हणून उजवीकडे हायड्रोजनचे रेणू 4. झालं. उद्या लोखंडाऐवजी ॲल्युमिनिअम आलं तरी हा मुलगा अडत नाही. तोंडपाठवाला रिकामी जागा सोडून पुढे जातो आणि घरी येऊन सांगतो, पेपर बाहेरचा होता.

'वैज्ञानिक कारणे लिहा' या प्रश्नाचंही तेच. त्या प्रश्नाला 40 पैकी 4 गुण असतात. ॲल्युमिनिअम मिळवण्यासाठी ॲल्युमिनाचं (ॲल्युमिनिअम ऑक्साइडचं) विद्युत अपघटन करतात, म्हणजे वितळलेल्या ॲल्युमिनातून वीज सोडतात; त्यात क्रायोलाइट आणि फ्लुओरस्पार का घालतात? ॲल्युमिना 2000 अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, ते तापमान सुमारे 1000 अंशांवर आणण्यासाठी. हे कळलं की वाक्य मुलाच्या शब्दांत आपोआप येतं. गाईडमधलं उत्तर पाठ केलं आणि पहिला शब्द विसरला, की सगळंच गेलं.

एक गोष्ट मान्य करते. कार्बनी संयुगांवर मी दोनच ओळी लिहिल्या, आणि तिथे मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन ही नावं आणि क्रियात्मक गट पाठ करावेच लागतात. तेवढं तुमचं बरोबर.

मोरचूद विषारी आहे, तो मुलांच्या हातात देता का, असंही विचारलंत. लेखात 'मोठ्यांच्या देखत आणि नंतर हात धुऊन' असं स्पष्ट लिहिलं आहे. वाचायचे कष्ट घ्यायला हवे होते. इंग्रजी माध्यम, क्लासची फी आणि माझा 'शहरी दृष्टिकोन' यांवर मी बोलणार नाही. द्राक्षपट्ट्यातल्या वर्गानंतर 'शहरी' हे विशेषण मला ऐकून घ्यायचं नाही.

शेवटी तुम्ही लिहिलं आहे की मुलाला प्रिलिममध्ये कमी गुण पडले आणि बोर्डाला महिना उरला आहे. हे आधी लिहिलं असतंत तर बोलणं वेगळ्या सुरात झालं असतं. त्याचा राग माझ्यावर काढून उपयोग नाही, पण मुलासाठी सांगते. पाठ्यपुस्तकातलं 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हे प्रकरण उघडा. प्रत्येक समीकरणातले अंक झाकून ते त्याला कोऱ्या कागदावर संतुलित करायला लावा, आणि खाली रंग, वायू, अवक्षेप (द्रावणात तयार होऊन तळाशी बसणारा साका) यांपैकी काय दिसेल ते एका ओळीत लिहून घ्या. जिथे अडेल त्या समीकरणाचा क्रमांक मला कळवा. मी उत्तर देईन.