‘लेटर वाचते कोण?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कव्हरिंग लेटर (नोकरीच्या अर्जासोबत पाठवायचं पत्र) हे पुण्या-मुंबईचे चोचले, नागपुरात ओळख चालते, आणि आता एआय दोन मिनिटांत लेटर लिहून देतं, तर शिकवायचं कशाला? पुतण्यानं ढिगानं अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

काही ठिकाणी लेटर खरंच वाया जातं. एमपीएससी किंवा जिल्हा परिषदेच्या ऑनलाइन फॉर्मला ते लागतच नाही. कॅम्पसमध्येही कोणी मागत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांच्या पोर्टलवर पहिली चाळणी अनेकदा सॉफ्टवेअरच करतं. तिथे रिझ्युमे नीट करा, लेटरवर रात्र घालवू नका.

पण हिंगण्याचा छोटा कारखाना किंवा धरमपेठेतलं सीएचं ऑफिस घ्या. तिथे मेल बहुतेक वेळा मालक स्वतः किंवा एखादी एचआरची बाई उघडते. त्यांच्या डोक्यात एक शंका असते आणि रिझ्युमे तिचं उत्तर देत नाही. पुण्याजवळ चाकणला चार वर्षं काढलेला डिप्लोमावाला नागपूरजवळ बुटीबोरीत अर्ज करतो, तेव्हा मालक म्हणतो, ‘हा काहून येऊन राहिला? सहा महिन्यांत परत पळाला तर?’ त्याला हे वाचायला मिळालं पाहिजे: ‘आई-वडील काटोलला असतात, मी कायमचा परत येतोय, नोटीस पिरियड एक महिना. जाहिरातीत सीएनसी सेटर हवा आहे. चाकणला मी फानुक कंट्रोलवर सेटिंग करतो, फर्स्ट पीस पास करून घेणं माझ्याकडेच आहे.’ (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, फानुक हा त्याच्या कंट्रोलचा ब्रँड, फर्स्ट पीस म्हणजे सेटिंगनंतर तपासायचा पहिला नग.) एवढं पुरे. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी आहे’ हे सगळेच लिहितात, चोरही लिहील.

आपल्याकडची दुसरी मोठी अडचण म्हणजे स्पर्धा परीक्षेत गेलेली दोन-तीन वर्षं. पोरं ती रिझ्युमेत लपवतात किंवा कुठल्यातरी कोचिंगचा खोटा अनुभव चिकटवतात. मालकाला रिकाम्या वर्षांपेक्षा भीती याची, की पुढची जाहिरात निघाली की हा पुन्हा सुट्टी मागणार. म्हणून सरळ लिहा: ‘दोन वर्षं एमपीएससीची तयारी केली, आता तो मार्ग सोडला आहे.’ अर्थात खरंच सोडला असेल तरच.

ओळखीचं म्हणाल तर तिथेही लेटर लागतं. काका तुमचा मेल साहेबांना फॉरवर्ड करतात, तेव्हा काका काही शेजारी उभे नसतात. लेटर मेलमध्येच लिहा, वेगळी फाइल नको; जोडायची फक्त रिझ्युमेची पीडीएफ. विषयाच्या ओळीत पद, अनुभव आणि ‘नागपूर’. ओळख सांगायची तर त्या माणसाला आधी विचारून पहिल्याच वाक्यात नाव टाका.

एआयला माझी ना नाही. पण फर्स्ट पीसची गोष्ट तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कशी कळणार? नुसतं ‘लेटर लिहून दे’ म्हटलं की सगळ्यांना एकाच साच्यातलं मिळतं, आणि मुलाखतीत त्यातल्याच शब्दाचा अर्थ विचारला की पंचाईत.

पुतण्याचं लेटर आणि ती जाहिरात इथेच टाका. फोन नंबर आणि पत्ता तेवढा काढून टाका. एकच लेटर सगळीकडे गेलं असेल, तर शोध तिथूनच सुरू करू.